सबसिडी आपल्या खात्यात, मग भांडायचं कुणाशी?

विज्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला तेव्हाच कळलं, आज क्रिकेट नाही. पारावर नेहमीचेच: बँकेत कर्जविभागात बसणारा मन्या, टेलरिंगचं दुकान आटपून आलेला रफिक, वीज कंपनीतून निवृत्त झालेले अण्णा आणि मी.

"गच्चीवर सोलर, ३ किलोवॅट. १ लाख ९५ हजार. त्यातले ७८ हजार सबसिडीचे परत," विज्यानं वाचून दाखवलं. "बिल झीरो. लाईट गेली तरी घर चालू."

"हे शेवटचं कुणी सांगितलं?"

"कंपनीचा पोरगा आला होता. चांगला होता रे. सरकारमान्य आहेत ते."

मन्या खो खो हसला. मला हसू आलं नाही, कारण हेच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि खरं धरलं होतं. पॅनेल चालू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात भर दुपारी लाईट गेली. गच्चीवर ऊन रणरणतंय, सहा पॅनेल तापलेत, आणि खाली आई हातपंख्यानं वारा घेत बसलेली. बसवणाऱ्याला फोन लावला तर म्हणाला, "साहेब, ते ऑनग्रिड आहे." जसं काही मी लहानपणापासून हा शब्द ऐकत आलोय.

अण्णांनी तंबाखू मळता मळता विज्याला समजावलं. "लाईन बंद करून आमचा माणूस खांबावर चढलेला असतो. त्या वेळी तुझ्या गच्चीवरची वीज लाईनीत आली तर तो मेला ना? म्हणून लाईट गेली की तुझा सोलरचा इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो. पडायलाच पाहिजे. लाईट नसताना घर चालवायचं तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो. आहे का या कागदात?"

नव्हतं.

"आणि झीरो बिल पण विसर," मी म्हटलं. "जास्तीची वीज लाईनीत गेली की युनिट जमा होतात, बिलात वळते होतात, ते खरंय. पण स्थिर आकार दर महिन्याला येतोच."

विज्या चिडला. त्याचं म्हणणं असं की आम्ही कुठल्याही योजनेला आधी नाव ठेवतो. "केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, ७५,०२१ कोटींची. १ कोटी घरं. पहिल्या २ किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८. पैसे थेट आपल्या खात्यात, मध्ये दलाल नाही. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"तेच तर," मन्या म्हणाला. "पैसे तुझ्या खात्यात येतात म्हणून त्या पोराला काही फरक पडत नाही. हप्ते कसे मागितलेत?"

विज्यानं कागद उलटा केला. ऑर्डरबरोबर ८० टक्के, माल उतरला की २०.

"म्हणजे मीटर बसायच्या आत त्याचे शंभर टक्के झाले. पॅनेल बसवायची, घेतलेली-दिलेली वीज मोजणारं नेट मीटर लागायचंय, तपासणी व्हायचीय, योजनेच्या पोर्टलवर रिपोर्ट चढायचाय, त्यानंतर सबसिडी. एवढं सगळं राहिलेलं असताना त्याला तुझ्या दारात परत यायला कारणच उरत नाही."

"अरे पण पोर्टलवरच्या यादीत नाव आहे त्याचं!"

"यादीत असणं म्हणजे त्यानं नोंदणी केली आणि बँक हमी भरली. काम चांगलं करतो असं सर्टिफिकेट नव्हे ते."

मन्या जरा जास्तच बोलतोय असं वाटून मी मध्ये पडलो. योजनेत ग्राहकासाठी काहीच नाही असं नाही. बसवणाऱ्यानं ५ वर्षं देखभाल करायची हे बंधनकारक आहे. पोर्टलवर कराराचा ठरलेला नमुना आहे, दोघांनी सही करायची. पण माझ्याकडून सही करून घेतली ती मोबाईलवर, "साहेब, इथे इथे" करत. पाच वर्षांची देखभाल फुकट आहे हे मला कळलं ते पहिल्या वर्षानंतर त्याच माणसानं सर्व्हिसिंगचे पैसे मागितले तेव्हा.

"दिले?"

"दिले." हे सांगताना मान खाली गेली, पण खोटं काय बोलायचं. नंतर करार उघडून वाचला आणि त्याला पाठवला. पुढच्या वेळी निमूट आला.

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली होती आणि ती मी कुणालाही सांगतो. सबसिडी हवी तर पॅनेल डीसीआर लागतात, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले. असली पॅनेल महाग पडतात, त्यामुळे कोटेशनात एक आणि टेम्पोतून दुसरं असा खेळ होऊ शकतो. पॅनेल वर चढवायच्या आधी मी प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला आणि बिलावरच्या नंबरांशी ताडून पाहिला. फिटर वैतागला होता, "काका, ऊन वाढतंय." वाढू दे. एकदा स्ट्रक्चरवर बसली की त्या स्टिकरापर्यंत मान पोचत नाही.

मन्याचं डोकं भलतीकडेच चाललं होतं. त्याचं मत, सरकारनं एकरकमी सबसिडी द्यायचीच नाही. दिल्लीत ३ किलोवॅटपर्यंत बनलेल्या प्रत्येक युनिटला ३ रुपये देतात, ५ वर्षं. म्हणजे पॅनेल चाललं तर पैसे.

"आणि बंद पडलं तर माझंच नुकसान!" विज्या उसळला. "बसवणारा निघून गेला आणि दंड मला. ही कुठली पद्धत?"

इथे मात्र विज्याचं बरोबर होतं असं मला वाटतं. मन्यानं मान्य केलं नाही, पण विषय बदलला. त्याच्यासाठी ते मान्य करण्यासारखंच.

"बरं, फसलोच तर जायचं कुठं?" रफिकनं विचारलं. इतका वेळ तो गप्प होता.

अण्णा सरसावून बसले. "दोन वेगळी दारं आहेत आणि लोक नेमकी चुकीच्या दाराशी डोकं आपटतात. मीटरला उशीर, युनिट वळते झाले नाहीत, बिल चुकलं, ही आमची चूक. तिथं वीज कंपनीचा तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल. २०२४ साली नियम बदललाय, १० किलोवॅटपर्यंत अर्ज मंजूरच धरायचा. यंत्रणा बसल्याचं कळवलं की १५ दिवसांत नेट मीटर देऊन चालू करायचं. हे दिवस मोजायचे. पण पॅनेल खराब, काम अर्धवट, पैसे घेऊन गायब, याचं आमच्या ऑफिसात येऊन काही होत नाही. मी खिडकीत बसायचो तेव्हा माणसं येऊन ओरडायची. मी तरी काय करणार? ते ग्राहक आयोगाचं काम."

"वकील लागेल?"

"नाही लागत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करून बघायचा."

"पण पुरावा?" मन्या म्हणाला. "हा 'लाईट गेली तरी घर चालू' म्हणतोय. कागदावर कुठाय ते? तोंडी बोललेलं आयोगापुढं कसं सिद्ध करणार? व्हॉट्सॲपवर लिहून मागव त्या पोराकडून. लिहून द्यायचं टाळलं की समजून जायचं."

रफिकचं बिल महिन्याला ८० युनिटांच्या आत असतं. त्याला राज्याच्या 'स्मार्ट' योजनेचा मेसेज आला होता. १०० युनिटांच्या आतल्या सर्वसाधारण गटाला १ किलोवॅटसाठी केंद्राचे ३० हजार, राज्याचे १०, आपले १०. दारिद्र्यरेषेखालच्या घराला तर राज्य साडेसतरा हजार देतं, त्यांना अडीच हजारच भरायचे. "दहा हजारांत खरंच होतं?" त्याचा प्रश्न.

"होतं. पण मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नकोस, अधिकृत पोर्टल आपण स्वतः उघड. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही," मन्या म्हणाला. या बाबतीत तो बँकवाला आहे हे बरंच आहे.

मग कोटेशनच्या मागच्या बाजूला पेन निघालं. ऑर्डरला २०, माल घरात आल्यावर आणि नंबर ताडल्यावर ५०, बसवून झाल्यावर १५, नेट मीटर फिरायला लागलं की उरलेले १५. विज्या म्हणे तो ऐकायचा नाही. नाही ऐकला तर यादीत दुसरे आहेत की. विज्यानं पोराला तिथूनच फोन लावला, बॅटरीचं विचारलं. पलीकडून बराच वेळ "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" ऐकू आलं.

अण्णा उठून चपला शोधत होते. पायानं एक चप्पल ओढून घेताना सहज विचारलं, "विजय, लाईटचं बिल कुणाच्या नावावर आहे रे तुमच्या?"

"दादांच्या."

दादांना जाऊन अकरा वर्षं झाली. आम्ही सगळेच गेलो होतो तेव्हा.

"आणि सबसिडी कुणाच्या खात्यात घेणार होतास?"

विज्यानं कागदाची घडी घातली. "नाव बदलायला काय काय लागतं, अण्णा?"

"उद्या सकाळी ये घरी. दादांचा मृत्यूचा दाखला आण, घराचे कागद आण. आणि हा पोरगा परत फोन करेल, त्याला म्हणावं, महिनाभर थांब."