नदी लाल दिसते ती विषाने नव्हे

पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक उपग्रहचित्र फिरतंय. त्यात मुळा नदीचा पट्टा भडक लाल आहे आणि खडकवासला धरण काळंभोर. खाली मजकूर: 'लाल म्हणजे कारखान्यांचं विष. धरण मात्र शुद्ध. बाटल्या भरून नमुने तपासणं आता बंद करा, वरून सगळं दिसतं.' पाठवणाऱ्यांना नदीची कळकळ आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी लाल रंग. हे चित्र डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांतलं नाही. हिरवं पान अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून चित्रात त्याला लाल रंग देतात. नदीतला लाल पट्टा ही जलपर्णी आहे. त्याच चित्रात सिंहगडाच्या उतारावरची झाडी बघा, मांजरीकडची शेतं बघा, तीही लाल आहेत. नदी घाण आहे हे खरंच, कारण जलपर्णी पोसली जाते ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. पण ते सांडपाणी मुख्यतः आपल्याच घरांतून येतं. कारखान्यांकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

काळा रंग म्हणजे शुद्ध पाणी, हेही खोटं. पाणी अवरक्त प्रकाश गिळतं, त्यामुळे धरण काळं दिसतं आणि जलपर्णी वाहून गेलेली गटारगंगाही काळीच दिसते.

आता 'वरून सगळं दिसतं'. उपग्रहाला प्रकाशात फरक पाडणाऱ्या गोष्टी कळतात: गाळ, शेवाळाचं हरितद्रव्य, पाण्याचा रंग. विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, जुलाबाचे जंतू यांना रंगच नसतो. शिवाय सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका १० मीटरचा. भिडे पुलापाशी उन्हाळ्यात उरणारी धार, काठाचं काँक्रीट आणि पुलाची सावली त्या एकाच ठिपक्यात मिसळतात.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला आम्ही पाणी किती नितळ आहे ते बघायला होडीतून काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडतो. हिरव्या दिवसांत ती हात-दीड हातावरच दिसेनाशी होते. बाटलीतलं पाणी गाळलं की पांढरा गाळणकागद पोपटी होतो. त्या कागदावरच्या हरितद्रव्याचा आकडा त्याच दिवसाच्या चित्राशी जुळवला, की मगच उरलेल्या फुगवट्याबद्दल विश्वासाने बोलता येतं. बाटली नसेल तर उपग्रहाचा आकडा हा अंदाजच.

नदीत किती पाणी येईल याचं संगणकावर गणित मांडणाऱ्या मॉडेलचंही तसंच. पुण्याच्या वरच्या अंगाच्या मुळा-मुठा खोऱ्यात १९८९ ते २००९ या काळात शहरी जमीन सुमारे ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेली, हे उपग्रहचित्रांवरूनच कळलं. त्यामुळे किती जास्त पाणी वाहून येतं हे मॉडेलने सांगितलं. पण ते मॉडेल आधी नदीत प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाशी ताडून बघावं लागतं. आणि सर्वाधिक गाळ येतो त्या पावसाळ्यात तर ढगांमुळे चित्रंच मिळत नाहीत.

तेव्हा मागणी करायचीच तर अशी करू: दोन सेंटिनेल-२ उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास पुण्यावरून जातात. नमुने त्याच सकाळी घ्या, आणि आकडे तारखेसकट सर्वांसाठी खुले ठेवा.