गॅस कुठून गळतोय ते आधी दाखवा

आज इतकं डोकं फिरलंय की लिहून मोकळं झाल्याशिवाय झोप लागायची नाही.

आईकडे आज एसीच्या सर्व्हिसिंगला माणूस आला होता. मी पोचले तेव्हा सिलिंडर पिशवीतून बाहेर निघालेला आणि आई कपाटातून पैसे काढायला आत निघालेली. "काकू, गॅस संपलाय. दर सीझनला भरावाच लागतो." आईने मान डोलावली होती. एवढं कळणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर ती काय बोलणार? आणि या कळणाऱ्या माणसाने एसीचं पुढचं झाकणसुद्धा उघडून बघितलं नव्हतं!

दर सीझनला? फ्रीजमध्ये दर सीझनला गॅस भरतं का कुणी? आत तोच प्रकार आहे. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो आणि परत आत येतो. यात तो खर्च होतच नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, दुसरं कारण नाही. आणि गळत असेल तर आधी ते भोक बुजवा, मग भरा. नाहीतर आज भरलेला गॅस जाणार कुठे? त्याच भोकातून बाहेर.

मी विचारलं, "लीकेज कुठे आहे?" तर म्हणाला, "ताई, लीकेज नाहीये, कमी झालाय फक्त." यावर काय बोलायचं सांगा.

मग झाकण मीच उघडलं. फिल्टरवर धुळीचा असा थर की खिडकीसमोर धरला तर पलीकडचा उजेड दिसेना. मागची कॉइल बर्फाने पांढरी. आता यात गॅसचा काय संबंध? फिल्टर तुंबला की खोलीतली गरम हवा कॉइलपर्यंत पोचत नाही, कॉइल शून्याच्या खाली जाते, हवेतलं बाष्प तिच्यावर गोठतं, आणि बर्फाने उरलीसुरली वाटही बंद होते. एसी चालू, वीज चालू, खोली मात्र गरम. अशा वेळी गेज लावलं तर तेही प्रेशर कमीच दाखवतं. म्हणजे कमी गॅसची सगळी लक्षणं दिसतात आणि दुखणं असतं धुळीचं. त्यात वरून गॅस ओतला की पुढे फिल्टर साफ झाल्यावर तो जास्त होणार, आणि भार येणार कॉम्प्रेसरवर. एसीतला सगळ्यात महागडा भाग तोच.

फिल्टर मागच्या बाजूने नळाखाली धरून धुतला, म्हणजे धूळ जाळीत आणखी न रुतता बाहेर पडते. तोवर एसी नुसत्या फॅनवर ठेवून बर्फ वितळू दिला. फिल्टर सावलीत वाळवून बसवला, पुन्हा कूलिंगवर लावला, आणि खोली गार झाली. गॅसचा एक थेंब न भरता!

हो, गॅस खरंच गळतो कधीकधी, मान्य. नळ्या जोडणारा फ्लेअर नट नीट आवळलेला नसतो, कॉइलला बारीक भोकं पडतात. पण मग ते शोधायची रीत आहे ना! गॅसबरोबर तेलही झिरपतं, म्हणून जोडावर तेलकट डाग दिसतो. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का बघतात, जोड दुरुस्त करतात, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओल काढतात, आणि मग वजनकाट्यावर ठेवून गॅस भरतात. किती भरायचा ते आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. अंदाजाने "थोडा मारतो" हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि हल्ली बऱ्याच घरगुती एसीत आर-३२ नावाचा गॅस असतो. तो पेट घेऊ शकतो. शिवाय हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापमानवाढ करतो. गळका एसी दर सीझनला भरत राहणं म्हणजे पैसे देऊन तो हवेत सोडणं.

लिहिता लिहिता त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय. पोरगाच होता. बर्फ वितळत होता तेव्हा तोही वाकून बघत होता, आणि खरं सांगते, त्याला ते नवीन वाटत होतं. त्याला कुणी शिकवलंच नसेल. वर गॅस भरला तर चार पैसे सुटतात, नुसती साफसफाई केली तर काहीच नाही, असा हिशेब लावून दिला असेल तर तो दुसरं काय करणार? हीच पोरं सुरक्षेच्या पट्ट्याशिवाय खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर उतरून आउटडोअर धुतात. त्याचा मला राग नाही. ज्यांनी त्याच्या हातात सिलिंडर दिला आणि वजनकाटा दिला नाही, त्यांचा आहे.

पण आईसारख्या एकट्या बायकांना "गॅस संपलाय" सांगून पैसे काढणं मला सहन होत नाही. ते बंद व्हायलाच पाहिजे.

तुमच्या घरात एसी रोज चालत असेल तर दर दोन आठवड्यांनी फिल्टर काढून धुवा, मेन स्विच बंद करून. ते काम घरातलं कुणीही करू शकतं. ब्लोअर (आतला पंखा), कॉइल आणि ड्रेन पाइप मेकॅनिककडून साफ करून घ्या. आतल्या युनिटमधून पाणी ठिबकतं ते बहुतेकदा ड्रेनमध्ये शेवाळ साचून. आउटडोअरला पाण्याचा जेट मारताना घरातूनच लक्ष ठेवा, जोर जास्त झाला तर कॉइलचे पातळ पत्रे वाकतात आणि हवा अडते. आणि कुणी गॅसचं नाव काढलं तर आधी सगळं साफ करायला लावा, मग लीकेज कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. भरलाच तर गॅसचं नाव आणि ग्रॅम बिलावर लिहून घ्या. वजनकाटा आणलेला नसेल तर त्या दिवशी भरूच देऊ नका, काटा घेऊन परत यायला सांगा.