लाईनीचे अर्थ पाठ करा, सुखी राहा

परवा तालुक्याला गेलो होतो. काम एवढंच, शेतातल्या आखाड्यावरची डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळून अकरा दिवस झाले, ती बदलून द्या म्हणून अर्ज. सकाळी दहाला पोचलो, चारला निघालो आणि अर्ज अजून माझ्याच खिशात आहे. पण हात हलवत आलो असं समजू नका. एका इंग्रजी शब्दाचं असं काही ज्ञान झालंय की ते वाटल्याशिवाय चैन पडेना. शब्द म्हणजे लाईन. शाळेत गुरुजींनी याचा अर्थ 'रेषा' सांगितला होता. गुरुजी भोळे होते.

तर सगळ्यात आधी खिडकी ओळखायला शिका. खिडकीच्या बाहेर लाईन म्हणजे रांग, खिडकीच्या आत लाईन म्हणजे वीज. बाहेरची लाईन असते तेव्हा आतली नसते आणि आतली येते तेव्हा जेवणाची सुट्टी होते. ऑक्सफर्डच्या कोशासाठी 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ लावायला एका कोशकाराने नऊ महिने घातले. बिचाऱ्याला खिडकी मिळाली नसणार. आमच्याकडं लाईनीचे सात-आठ अर्थ एका दुपारीत अंगावर येतात.

लाईनमन दिसला तर त्याला लाईनीबद्दल विचारू नका. पाच खेड्यांचे खांब एकटा चढतो तो.

हेल्पलाईनला फोन करा, गाणं चांगलं असतं.

उभं राहून राहून कंटाळा आला तर शब्दाचं मूळ शोधावं, वेळ जातो. लाईन हा शब्द लॅटिनमधल्या 'लिनुम'पासून निघाला आणि लिनुम म्हणजे आपला जवस. जवसाच्या खोडातून धागा निघतो, त्याची ताणून धरलेली दोरी ती लाईन. लिननचं कापडही त्यातलंच. म्हणजे आपली आजी ज्याची चटणी भाकरीवर द्यायची, तेल सोडून, त्या जवसाच्या घरातला हा शब्द! आजोबा हरभऱ्याच्या कडेनं दोन तासं जवस टाकायचे. आता शिवारात जवस दिसत नाही. लाईन तेवढी उरली होती, तीही अकरा दिवसांपासून नाही.

डेडलाईनचा धसका घेऊ नये. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आतून एक हद्द आखलेली होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा, म्हणून ती डेडलाईन. आपल्याकडं एवढं काही नाही. पीक विम्याची तारीख ओलांडली तर कुणी गोळी घालत नाही, फक्त गेलेलं पीक गेलेलं धरत नाहीत.

आणि धीर धरा हो. बीडकरांकडं बघा. अहिल्यानगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची लाईन १९९५ साली मंजूर झाली आणि बीडहून गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त धरून. परळीपर्यंतचं काम तेव्हाही बाकीच होतं. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर लेकराचा बाप झालं. आणि तुम्ही अकरा दिवसांच्या डीपीची घाई करता? २०१६ चं लातूर आठवा. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, पाचाच्या वर माणसं जमायची नाहीत. म्हणजे लाईन लावायलाच बंदी! मग पाणी आलं तेही लाईनीवरूनच, मिरजेहून रेल्वेनं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. लाईन नाही म्हणून कुणी मरत नाही, फक्त वाट बघतं.

आता मुख्य धडा. लाईनीत उभं कसं राहावं. तर पाय दुखले की चप्पल काढून जागेवर ठेवावी आणि आपण भिंतीला टेकावं. चप्पल आपल्या वतीनं उभी राहते. माझ्या पुढं एक आजी होती. वापर नसलेल्या घराचं बिल वाढून आलेलं, ते दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घालून. तिनं रबरी चप्पल ठेवली, एका अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली, आणि कोपऱ्यात उकिडवी बसली. साडेअकरापासून ती पिनेची चप्पल इंच इंच पुढं सरकत होती, मागचे आम्ही सरकवत होतो. खिडकी चार माणसांवर आली आणि पांढऱ्या शर्टातला एक जण बाजूनं आला. "मला फक्त विचारायचंय." फक्त विचारायचंय! याला विचारायचंय आणि आम्ही काय सप्ताहाला बसलोय का इथं? चाळीस माणसं काय आरती घ्यायला उभी आहेत? पायानं ती चप्पल बाजूला सारली त्यानं, बघितलंही नाही, आणि आत हात घालून वीस मिनिटं 'फक्त विचारत' होता. मधे चहाही आला, त्याच्यासाठी. आतल्या साहेबांनी त्याचा कागद घेतला, शिक्का मारला. आणि आजीचा नंबर आला तशी साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "लाईन गेली. उद्या या."

"साहेब, शिक्का तर हातानंच मारायचाय की," मी म्हणलं.

"काका, तुम्ही ऑनलाईन करून टाका ना."

"डीपीच जळालीय. मोबाईल कशावर चार्ज करू?"

उत्तर नाही. बाहेर पायरीवर एक जण जवळ सरकला, "मालक, दोनाचं बघा, मी लाईन लावून देतो." हा आठवा का नववा अर्थ, माझी मोजदाद तिथं चुकली.

बास झालं आता उपरोध. मला तो जमतही नाही नीट. हरभरा फुलावर आलाय आणि पाणी देता येत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला पगार मिळतो तो लाईन असली तरी आणि नसली तरी, म्हणून त्याला हसू येतं. अर्ज हातात घेऊन पोच द्यायला वीज लागत नाही, माणूस लागतो. आणि तुम्हीही फार साव होऊन वाचू नका. डीपी जळाली कशानं? ६३ केव्हीएची डीपी, जोडण्या बारा आणि तारेवर चोरून टाकलेले आकडे तेवढेच. आकडे टाकणारे कुठून बाहेरून आले नाहीत, आपलीच भावकी आहे, आपल्याला नावं माहीत आहेत, आपण बोलत नाही. पांढऱ्या शर्टवाल्यालाही कुणी बोललं नाही. चाळीस जणांतून एकही. आपलाही कधी कुणी ओळखीचा आत असेल, तेव्हा आपल्यालाही 'फक्त विचारायचं' असतं, म्हणून गप्प.

ती चप्पल भिंतीकडं पालथी पडली होती, पिन वर करून. माझ्यापासून हातभर. मी बंद पडलेल्या मोबाईलकडं बघत होतो. आजीच उठून आली, वाकली, आणि उचलून परत जागेवर ठेवली.