होम्स हरलेला नाही!

फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँचा हिरो म्हणजे आर्सेन लुपिन हा चोर. त्याच्या 'आर्सेन लुपिन विरुद्ध हर्लॉक शोम्स' या पुस्तकाचं नाव काढलं की शेरलॉक होम्सचे चाहते नाक मुरडतात. आमच्या होम्सची टर उडवलीय म्हणे. मीही होम्सच्याच गोष्टींवर वाढलोय, पण हा आरोप मला बिलकूल पटत नाही.

१९०६ साली लब्लाँने एका फ्रेंच मासिकात होम्सला खऱ्या नावानेच आणलं होतं. होम्सचा जनक कॉनन डॉयलने हरकत घेतली, मग अक्षरं इकडची तिकडे करून हर्लॉक शोम्स झाला. त्या गोष्टीत चोर आणि डिटेक्टिव्ह रस्त्यात समोरासमोर येतात, दोन शब्द बोलतात. शोम्स त्याला ओळखतो आणि तरी जाऊ देतो. नंतर शोम्सच्या हातात एक पुडकं पडतं. आत त्याचंच घड्याळ, लुपिनच्या नमस्कारासकट! त्याला बोलावणाऱ्या यजमानाला हसू आवरत नाही. मलाही आवरलं नव्हतं.

पण १९०८ च्या या पुस्तकातलं निळ्या हिऱ्याचं प्रकरण नीट वाचा. सोनेरी केसांची बाई भरल्या घरातून गायब होते आणि पॅरिसचा पोलीस इन्स्पेक्टर गानिमार डोकं धरून बसतो. ती जिथून गायब होते ती सगळी घरं एकाच आर्किटेक्टने बांधलीत, हे हेरतो शोम्स. चोरवाटा शोधतो तो, हिरा परत मिळवतो तो, लुपिनला पकडतोही तोच. लुपिन निसटतो तो पोलिसांच्या हातून. आता सांगा, यात अपमान कुठे झाला?

माझा सगळ्यात लाडका प्रसंग पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनजवळच्या छोट्याशा रेस्टॉरंटमधला. लुपिन जेवतोय आणि त्याला पकडायला इंग्लंडहून आलेला माणूस त्याच खोलीत बसलाय. पळून जायचं सोडून लुपिन उठून त्याच्याशी हात मिळवतो. दोघं एका टेबलावर बसतात, दहा दिवसांची मुदत ठरते. शोम्सचा सोबती, म्हणजे इथला वॉटसन, बिचारा विल्सन पोलिसांना बोलवू बघतो, पण शोम्स ऐकत नाही. अशा शत्रूला जेवणाच्या टेबलावरून उचलायचं नसतं, हे त्याला कळतं. तिथे मला तो खराखुरा होम्स वाटतो.

लब्लाँवर माझा राग आहे तो विल्सनपायी. पहिल्या प्रकरणात त्याचा हात मोडतो, दुसऱ्यात त्याला सुरा लागतो आणि शोम्स त्याची धड विचारपूसही करत नाही. डॉयलचा होम्स वॉटसनशी असा कधीच वागला नसता. नाक मुरडायचंच असेल तर इथे मुरडा, मी तुमच्या बाजूने आहे.