'सौम्य आम्ल बिनधास्त हाताळा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ठिबकच्या नळ्यांतला क्षार (चुन्याचा पांढरा थर) काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल नको, ते तीव्र, वाफाही घातक. फॉस्फोरिक सौम्य, ते बिनधास्त हाताळा. तीव्र आम्लात भरपूर पाणी घातलं की तेही सौम्य होतं. आणि सौम्य आम्लाचा सामू (pH; जितका कमी तितकी आम्लता जास्त) जास्त, म्हणून ते चुना कमी विरघळवतं.

आधी पाण्याचं बघू. पाणी घातल्याने आम्ल विरल होतं, सौम्य नाही. तीव्र की सौम्य हे ठरतं ते पाण्यात त्याचे किती रेणू फुटून हायड्रोजन आयन देतात त्यावर. हायड्रोक्लोरिकचे जवळजवळ सगळे फुटतात. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाचे ०.१ मोलर द्रावणात शंभरात एखाद-दुसराच. म्हणून तेवढ्याच संहतीला (पाण्यातल्या आम्लाच्या प्रमाणाला) पहिल्याचा सामू १, दुसऱ्याचा २.९ च्या आसपास.

खरा घोळ चुन्याच्या मुद्द्यात आहे. सामू फक्त आत्ता मोकळे असलेले आयन दाखवतो. क्षाराने ते वापरले की न फुटलेले रेणू फुटून नवे आयन देत राहतात, साठा संपेपर्यंत. त्यामुळे सारख्या संहतीची, सारख्या मापाची ही दोन्ही आम्लं उदासीन करायला कॉस्टिक सोडा सारखाच लागतो आणि क्षारही शेवटी जवळपास तेवढाच विरघळतो. फरक वेगाचा. पांढरा थर बसलेले दोन ड्रीपर घ्या. विरल हायड्रोक्लोरिकमध्ये टाकलेल्यावर लगेच फसफसून फेस येतो. व्हिनेगरमधल्यावर बारीक बुडबुडे चिकटून बसतात आणि सावकाश सुटतात. घाईने नळी धुऊन टाकली तर 'चाललं नाही' असंच वाटणार.

'बिनधास्त' हा शब्द तर मेसेजमधून आधी काढा. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल कातडी आणि डोळे भाजतं. हायड्रोफ्लोरिकही व्याख्येने सौम्यच, पण ते कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, माणूस दगावू शकतो.

शिवाय बोअरचं पाणी जड (कॅल्शियम जास्त असलेलं) असेल आणि सामू पुरेसा खाली नसेल, तर फॉस्फोरिकमुळे कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो. म्हणजे जे ड्रीपर मोकळे करायचे तेच तुंबतात.

संहत हायड्रोक्लोरिकच्या वाफा घातक, एवढं मेसेजचं खरं आहे. पण हातमोजे, चष्मा आणि पाण्यात आम्ल ओतणं (आम्लात पाणी कधीच नाही) हे प्रत्येक आम्लाला लागू. आणि शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर सोडत असाल, तर ती आणि आम्ल एकत्र येऊ देऊ नका. आम्ल सौम्य असलं तरी क्लोरीन वायू सुटतो.