‘तीन दिवस थांबा’ : मुलांच्या तापाबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

पावसाळा लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचे सार असे : मुलाचा ताप १०४ च्या आत असेल तर तीन दिवस दवाखान्याची पायरी चढू नका, ताप उतरला की धोका टळला असे समजा, सर्दीत छाती घरघरणारच, बाम चोळा, दात येताना जुलाब होतातच, पोट रिकामे ठेवा, आणि आकडी आली तर दातांत चमचा घालून कांदा हुंगवा. तळाशी ‘डॉक्टरांच्या दुकानदारीला बळी पडू नका’ असे वाक्य असते, आणि मजकूर पुढे ढकलला जातो तो बहुधा त्या एका वाक्यामुळेच.

ते वाक्य सर्वस्वी खोटे नाही, हे आधी मान्य करते. आरोग्यसेविका म्हणून मी वर्षानुवर्षे वस्त्यांवर हिंडले, आणि साध्या सर्दीतापालाही सुई आणि सलाईन लावूनच घ्यायचे, हा आग्रह डॉक्टरांइतकाच पालकांचाही असतो हे पाहिले आहे. ताप ही शरीराची लढण्याची रीत आहे, हेही खरे. मात्र मूल किती आजारी आहे हे तापाच्या आकड्यावरून ठरत नाही. १०३ ताप असून औषधानंतर उठून बसणारे, पाणी मागणारे लेकरू एक वेळ घरी सांभाळता येते. १०० ताप असून हाक मारल्यावर डोळा न उघडणारे, अंगावर न पिणारे किंवा घोटभर पाणीही उलटून टाकणारे लेकरू त्याच घटकेला दवाखान्यात न्यायचे असते.

तीन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला तर घरी थांबण्याची ही सवलत मुळीच लागू नाही. त्याचे अंग १००.४ किंवा त्याहून तापले, तर बाकी काही दिसो न दिसो, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. इतक्या लहान बाळात मोठा जंतुसंसर्ग असताना ताप चढण्याऐवजी अंग गारही पडते, आणि मग ‘ताप तर नाही ना’ म्हणून घरचे निश्चिंत राहतात. आपल्या भागापुरती एक पुस्तीही जोडायला हवी. वैशाखात पारा ४५ च्या घरात असताना पत्र्याखाली निजलेले किंवा बंद गाडीत राहिलेले मूल तापून मलूल होते, तेव्हा ती शरीराची लढाई नसते, तो उष्माघात असतो. त्यावर तापाचे औषध चालत नाही. अंगावर पाणी घालून वारा घालत दवाखाना गाठावा लागतो.

ताप उतरला म्हणजे धोका टळला, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. ‘पोऱ्याले झोपू दे, ताप उतरी गया,’ असे आजी समाधानाने सांगते आणि उंबऱ्याशी आलेल्या माणसाला परत पाठवते. डेंग्यूत नेमका हाच काळ जोखमीचा असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येताना रक्तातला द्रव नसांबाहेर झिरपू लागतो, आणि पुढचे २४ ते ४८ तास डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. त्या झोपलेल्या पोराच्या पोटाला एक हात लावा आणि तळपायाला दुसरा. पोट कोमट आणि पाय गार लागले, पोट दुखते म्हणून ते कण्हत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल, तर त्याला झोपू देऊ नये, उचलावे. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घरच्या घरी देणेही टाळावे, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

छाती घरघरते म्हणून बाम चोळण्यापूर्वी श्वास मोजावा. बाळ शांत असताना त्याला आईच्या मांडीवर घ्यावे, झबले वर सरकवावे आणि घड्याळाचा सेकंदकाटा पूर्ण फेरा मारीपर्यंत पोट किती वेळा वर येते ते मोजावे. दोन महिन्यांच्या आत ६०, त्यापुढे वर्षाच्या आत ५०, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर पडत असतील, तर मोजत बसण्यात वेळ घालवू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला कापराचा बाम तसाही लावू नये.

दातांमुळे खरे जुलाब होत नाहीत. त्या वयात मूल सापडेल ते तोंडात घालते, त्याचे ते फळ असते. पोट रिकामे ठेवण्याचा सल्ला तर उफराटा आहे, कारण जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेनासे झाले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पाजून पटकीचे (कॉलराचे) मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले. आज त्याच धर्तीचे ओआरएस आशाताईंकडे मिळते. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते कालवून चमच्याचमच्याने पाजावे, सोबत १४ दिवस झिंक द्यावे, अंगावरचे दूध, पेज आणि आपल्याकडे घरोघर असणारे केळे चालू ठेवावे. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू बसू लागली, शौचात रक्त दिसले किंवा मूल पिण्याइतकेही जागे राहीना, तर घरचे उपाय तिथेच संपतात.

आकडीबद्दल थोडक्यात सांगते. तोंडात चमचा, बोट, कांदा, पाणी यांपैकी काहीही घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांतली तापाची आकडी बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबते. ती पाच मिनिटांपुढे गेली, पुन्हा आली, किंवा नंतर मूल शुद्धीवर येईना, तर १०८ ला फोन करावा. पहिलीच आकडी असेल तर ती थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवावे.

हा मजकूर ज्याने लिहिला, त्याच्या दारात बहुधा गाडी उभी असावी. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावर नाला चढला की आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, म्हणून तिथला निर्णय मध्यरात्री नव्हे, दिवस मावळायच्या आत घ्यावा लागतो. निघताना घरी दिलेल्या औषधाची बाटली बरोबर घ्यावी, शेवटची लघवी कधी झाली ते लक्षात ठेवावे, आणि बाळ जागे असून ओढत असेल तर वाटेत त्याला अंगावर पाजत राहावे.