आत्याची बरणी आणि माझी वकिली

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांना "पेटंटचं काम करतो" असं सांगितलं की ते दोन घास गप्प जेवतात. मग विचारतात, "म्हणजे कोर्टात उभा राहत नाहीस?"

"राहतो ना. ग्राहक आयोगात."

"तिथे वकील लागत नाही म्हणे."

खरं आहे. तक्रारदाराला आपली बाजू आपणच मांडता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तर फीसुद्धा नाही. तक्रार शक्यतो ३ महिन्यांत निकाली काढावी असंही कायदा म्हणतो. त्या 'शक्यतो'वर माझं घर चालतं, पण हे काकांना कसं सांगणार? पेटंट एजंटच्या परीक्षेला बसायलाच विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, म्हणून मी आधी इंजिनिअर झालो. नातेवाइकांत याचा अर्थ एवढाच, की पोराचं एकात जमलं नाही म्हणून दुसऱ्यात गेला.

आत्या मात्र अभिमानाने ऑफिसात आली. टेबलावर गोड्या मसाल्याची बरणी ठेवून म्हणाली, "याचं पेटंट काढून दे."

"आत्या, सगळी कृती लिहून द्यावी लागेल. दगडफूल किती, खोबरं किती भाजायचं, सगळं. आणि १८ महिन्यांनी ते जगाला वाचायला खुलं होतं."

"जावेलासुद्धा?"

"जावेलासुद्धा."

आत्याने बरणी स्वतःकडे ओढली. "मग त्याला पेटंट कशाला म्हणता? चव्हाटा म्हणा."

मी तिला पेटंट कायद्याचं कलम ३ समजावलं. नुसतं मिश्रण चालत नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान चालत नाही. हळदीने जखम भरते याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे करून ते १९९७ साली रद्द करायला लावलं. ही गोष्ट मी नेहमी छाती फुगवून सांगतो. आत्या ऐकता ऐकता गंभीर झाली.

"म्हणजे आधी कुणी केलेलं असलं तर नाही मिळत?"

"नाही."

"मग राहू दे. मसाला सासूबाईंचा आहे." दाराशी जाऊन परत वळली. "जावेला बोलू नकोस."

इतक्या चटकन प्रायर आर्टची, म्हणजे 'हे आधीच कुणीतरी केलंय' याची, कबुली मला आजवर एकाही कंपनीने दिलेली नाही.

गेल्या महिन्यात आमचाच मिक्सर जळला. वॉरंटी संपायला ९ दिवस होते. दुकानदार म्हणाला, "बिल आणा." मी तावातावाने नोटिशीचा मसुदा करायला घेतला: सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा, मानसिक त्रास. दर २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, मी कुठल्या ना कुठल्या सभागृहात बिलं जपून ठेवायला सांगत असतो. त्यामुळे आमचं बिल फाइलमध्ये, प्लास्टिकच्या कव्हरात होतं.

काढलं तर कोरं. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडून गेली होती. उजेडात तिरकं धरल्यावर खाली एवढंच दिसत होतं, 'धन्यवाद, पुन्हा या.'

बायकोने कागद उलटसुलट करून पाहिला. "आपोआप पुसलं जाणारं बिल! याचं काढ पेटंट."

"नाही मिळणार," मी म्हणालो. "सगळे दुकानदार आधीपासून वापरतात."